करपलेली फोडणी

"कुनी इचारलं तर कंपनीत सुपरवायझर हाय म्हनायचं. गाडीचं नाव काढलंस तर माझ्यासारखी वाईट न्हाई!" जीपमधून उतरता उतरता केशरबाईंनी लेकाला शेवटचा दम भरला.

अजिनाथनं मान डोलावली. न डोलावून सांगतो कुणाला? 'वडापावच्या गाडीवर काम शिकतोय' एवढं ऐकलं की आजवर प्रत्येक मुलीच्या बापानं पुढचं बोलणं पाऊसपाण्यावर नेलं होतं. कर्जतजवळच्या रंगनाथरावांनी मात्र फोटो बघून आपणहून बोलावलं होतं. मुलगी सविता, नगरला शिकलेली. हे स्थळ हातचं गेलं, तर मुंडावळ्या बांधायचं पोराचं वय निघून जाईल, या धास्तीनं केशरबाईंना झोप नव्हती.

'चार माणसं येतो' म्हणून कळवलं आणि आले जीपभर. भावकीचं असंच असतं. मागं ठेवली तर रुसते आणि बरोबर नेली तर खाते.

"कंपनीत काय बनतं म्हनायचं?" रंगनाथरावांनी विचारलं.

"पार्ट."

"कशाचं?"

"मोठ्या... वस्तूंचं."

एवढ्यात अजिनाथच्या नाकाला वास आला. आत फोडणी करपत होती. भावकीच्या ते गावीही नव्हतं, पण हे नाक वाल्मिकशेठनं घडवलेलं होतं.

नगरला कॉलेजच्या फाटकासमोर शेठची गाडी होती. वडापाव, दाबेली, आणि पुढं पोरांच्या हट्टापायी बर्गरसुद्धा. सुरुवातीला अजिनाथनं नुसता कांदा चिरला. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की घरच्या आठवणीचं, हे शेठनं कधी विचारलं नाही. पण पहिल्या घाण्यातला गरम वडा ते त्याच्याच हातावर ठेवायचे. "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं न्हाई, तव्याकडं बघायचं," ते सांगायचे. "आन करपल्याचा वास येऊन बी जो बसून ऱ्हातो, तो आपला मानूस न्हाई."

अजिनाथ उठला. केशरबाईंनी सदऱ्याचं टोक धरलं. "बस खाली!"

"आई, करपतंय!"

टोक सुटलं. आत धूर कोंडला होता आणि सविता चुलाण्यातल्या राखेसारखी थंड उभी होती. कढईत मोहरी-मिरच्यांचा कोळसा झाला होता.

"पोहे?"

"संपले."

"बेसन हाय?"

तिनं डबा पुढं केला. कांदा तर चिरलेलाच होता, तोही लांब लांब, भज्यांना लागतो तसा. अजिनाथनं बाह्या सारल्या, गॅस बारीक केला, पीठ भिजवलं, आणि कढईत भजी फुलायला लागली तसा तो कुठं आलाय हेच विसरला. नॅपकिन खांद्यावर टाकून, ताटं हातावर तोलत तो बैठकीत शिरला आणि सवयीनं ओरडला, "भजी गराऽऽम! तिखट कुनाला, बिनतिखट कुनाला?"

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यानं नॅपकिननं टेबल पुसलं आणि होणाऱ्या सासऱ्याला विचारलं, "चटणी देऊ का शेठ?"

केशरबाईंनी पदरात तोंड लपवलं.

"हे कंपनीत शिकिवत्यात व्हय?" रंगनाथरावांनी विचारलं.

"कँटीन हाय ना त्यांचं..." केशरबाई पदराआडून म्हणाल्या.

अजिनाथनं नॅपकिन परत खांद्यावर टाकला. "न्हाई आबा. कंपनी-बिंपनी काय न्हाई. वाल्मिकशेठच्या गाडीवर शिकलो. आजून तिथंच हाय. पुढं सोताचं दुकान टाकायचंय."

रंगनाथरावांनी ताट खाली ठेवलं. "खोटं बोलनाऱ्या घरात पोरगी द्यायची कशी?"

भावकीची चावणारी तोंडं थांबली. तेवढ्यात दारातून सविताचा आवाज आला, "आबा, ह्यांनी तर खरं सांगितलं की. ते बी समद्यांना खाऊ घालून."

रंगनाथरावांनी लेकीकडं बघितलं, ताटाकडं बघितलं आणि आणखी एक भजं उचललं. "बरं. पन सोताच्या लग्नात भट्टीपाशी जायचं न्हाई, एवढं कबूल करा."

आता कर्जतच्या स्टँडजवळ दोघांचं दुकान आहे. वाल्मिकशेठ थकले, गाडी बंद झाली, तिथं मोबाईलचं दुकान आलंय. नगरला गेला की अजिनाथ तिथं उगाच थोडा वेळ उभा राहतो आणि त्याला गलबलून येतं. शेठचा झारा मात्र त्यानं मागून आणलाय.

परवा दुकानातल्या नव्या पोरानं फोडणी करपवली. पोरगं घाबरलं, पण अजिनाथ हसत सविताला म्हणाला, "त्या दिवशी तुझी फोडणी करपली नसती, तर मी सुपरवायझरच ऱ्हायलो असतो गं."

"आपोआप करपती व्हय?" सविता वडे बांधता बांधता म्हणाली. "कॉलेजात हुते तवा रोज तुमच्या गाडीवर दाबेली खायची मी. तुमी कधी मान वर केली का? फोटो आला अन् वळखलं. म्हटलं, वास आल्यावर उठतोय का सायब हून बसतोय, बघावं तरी."

अजिनाथनं हातातला झारा खाली ठेवला. "आन पोहे?"

"फडताळात झाकून ठेवले हुते. तुमी गेल्यावर आमी मायलेकींनी खाल्ले. लई झकास झाले हुते."