आपलं ठेवू की त्यांचं?

ऑफिसात मी दिवसभर चार जणांनी वेगवेगळा बदललेला कोड एकत्र करत असतो (त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत). तेव्हा सुताराला द्यायची यादीही घरी त्याच पद्धतीने करावी, असं मला वाटलं. तिथेच मी माती खाल्ली.

प्रश्न मधल्या खोलीतल्या एकुलत्या एका खिडकीचा होता. तिथे मला टेबल हवं होतं आणि बायकोला तिचं शिलाई मशीन. आठ दिवस धुसफूस चालली होती. मग मी तोडगा काढला. यादीच्या दोन ब्रांच, म्हणजे दोन वेगळ्या प्रती करायच्या, तिच्या प्रतीत तिने लिहायचं, माझ्या प्रतीत मी. एकत्र करताना जिथे जुळणार नाही तिथे कॉम्प्युटर थांबून विचारतो, तेव्हा दोघांनी बसून ठरवायचं. असं मी साळसूदपणे सांगितलं आणि माझ्या ब्रांचमध्ये लिहिलं, ‘खिडकीशी माझं. तुझं अडगळीच्या खोलीत.’

रविवारी ती बाजारात गेली. सुतार येणार होता. माझ्या लॅपटॉपने मान टाकलेली, म्हणून मी तिचा उघडला, तिच्या ब्रांचमध्ये ऑनलाइन ठेवलेली माझी मिसळली. खिडकीपाशी कॉम्प्युटर अडला. आपलं ठेवू की त्यांचं? यात विचारायचं काय? तिची ओळ न वाचताच ‘आपलं’ दाबलं आणि छापलेली यादी सुताराच्या हातावर ठेवली.

पंधरा दिवसांनी खिडकीशी टेबल आलं. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण त्याला चष्म्यासाठी एक छोटा खण होता. तो मी कुठे सांगितला होता? सुताराने यादी पुढे केली. ‘खिडकीशी यांचं टेबल. चष्म्याला खण, सारखा हरवतात. मशीन दाराजवळ चालेल.’

तिच्या लॅपटॉपवर ‘आपलं’ म्हणजे तिचं. (हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो.) मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी भांडी मी घासली. त्यावरूनच तिला संशय आला.

“कुणी काय लिहिलं ते त्या यादीत कायम राहतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना? वाचलं मी.”

मी पडेल आवाजात म्हटलं, तू म्हणशील तसं करू.

“मी कशाला म्हणू? तुमचीच ओळ ठेवू या. फक्त वाचणार मी.”

तिने ती मोठ्याने वाचली. खिडकीशी माझं. तुझं अडगळीच्या खोलीत.

सध्या मी हे अडगळीच्या खोलीत बसून लिहितो आहे. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर सांभाळून घ्या. चष्म्याचा खण खिडकीशी आहे, आणि त्यात आता सुया असतात.