मोजणी बरोबर आली!

"या वेळची सहल माणसांच्या सहलीसारखी होणार, नाहीतर मी मेट्रन नव्हे!"

नाश्त्याच्या टेबलावर मेट्रनबाईंनी असा काही चमचा आपटला, की समोरच्या पोस्टमास्तरांचा अर्धा चहा बशीत उतरला. त्यांनी तो निमूटपणे बशीनेच प्यायला. मेट्रनबाईंसमोर निमूटपणा परवडतो, हे वृद्धाश्रमात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

उभं आयुष्य त्यांनी इस्पितळात काढलेलं. त्या राउंडला निघाल्या की मोठमोठे सर्जन टेबलावरचे पाय खाली घ्यायचे! पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, तशा त्या आपणहून या वृद्धाश्रमात राहायला आल्या. इथवर सगळं ठीक होतं. पण मग आश्रमाने विरंगुळा अधिकारी नेमली. ही पोरगी वाक्याच्या आधी एक टाळी वाजवायची आणि नंतर एक. दुसऱ्याच दिवशी तिचं नाव टाळीताई पडलं.

"चला आजी-आजोबा! आज आपण फुगा फुगा खेळायचं!" टाळी!

"मी निवृत्त झाले तेव्हा कपाटाच्या चाव्या जमा केल्या होत्या, अक्कल नव्हे!" मेट्रनबाई गरजायच्या. "आणि आजी कुणाला म्हणतेस? मला नातू नाही, आणि तुझ्यासारखी नात तर नकोच!"

"अय्या, चिडल्या की किती गोड दिसतात!" टाळी!

सहलीचा विषय निघाला तेव्हा मेट्रनबाईंनी बजावून सांगितलं, "आम्हाला बाजारपेठेत ने. चार दुकानं बघू दे, भाव ऐकून वैतागू दे. घासाघीस करून काहीच न घेता परत येऊ दे. अगं, जिवंत असल्यासारखं वाटतं!"

टाळीताई म्हणाली, "ठिकाण सरप्राइज आहे!"

सहलीच्या दिवशी तिने प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक पोपटी शाल टाकली. का, तर कुणी हरवायला नको! बस सुटली. बाजारपेठ आली आणि मागे गेली. बाग आली, तीही गेली. शेवटी बस एका फाटकातून आत शिरली. मेट्रनबाईंनी चष्मा पुसून समोरची पाटी वाचली आणि त्यांच्या टाळूतून वाफ निघायचीच बाकी राहिली.

तो वृद्धाश्रम होता. दुसरा!

"आज आपण इथल्या आजी-आजोबांबरोबर गाणी म्हणायची!" टाळी!

"म्हाताऱ्यांना सहलीला नेऊन दाखवायचं काय, तर म्हातारे? मग बस कशाला हवी होती? आरसा दिला असतास तरी भागलं असतं!"

बाकीचे हॉलकडे वळले. मेट्रनबाईंनी अंगावरची शाल ओढून काढली आणि दारापाशी भिरकावली. तिथल्या खुर्चीवर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसल्या होत्या. शाल त्यांच्या शेजारी पडली. मेट्रनबाईंनी ओझरतं पाहिलं, पण थांबल्या नाहीत. इथल्या व्यवस्थापकाला फैलावर घ्यायला त्या तरातरा आत निघाल्या होत्या.

व्यवस्थापक सापडले नाहीत. सापडली ती एक परिचारिका.

"अगंबाई! आज येणार होत्या त्या नव्या आजी तुम्हीच ना?"

"मी इथली नाही! मी सहलीला आलेय!"

"हो, हो, सहलच समजा," परिचारिका मऊ आवाजात म्हणाली. "पहिल्या दिवशी सगळ्यांना असंच वाटतं."

"अगं, माझा वृद्धाश्रम वेगळा आहे!"

"आता हाच आपला."

मेट्रनबाई जितक्या भडकल्या, तितकी परिचारिकेची खात्री पटत गेली. तिने त्यांना खोलीत नेलं, पलंगावर बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आले. इतके कोवळे, की मेट्रनबाईंना त्यांचं नाक पुसावंसं वाटलं.

"आजी, आज वार कोणता?"

"तुमची अक्कल सुट्टीवर असते तो!"

डॉक्टर परिचारिकेकडे वळून हळूच म्हणाले, "वाराचं भान नाही."

"भान नाही? अरे, ब्लड प्रेशरचा पट्टा तू उलटा बांधतोयस! माझ्या वॉर्डात असतास तर बाहेर उभा केला असता!"

"स्वतःला नर्स समजतात," डॉक्टर आणखी हळू म्हणाले.

बाहेर गाणी थांबली. बसचा हॉर्न वाजला. मेट्रनबाई उठायला गेल्या, पण गुडघ्यांनी नेमकी तीच वेळ साधली. खिडकीपर्यंत पोचतात तोवर बस फाटकाबाहेर! टाळीताईने डोकीसुद्धा मोजली नव्हती. तिने शाली मोजल्या होत्या. आणि शाली अगदी बरोबर भरल्या होत्या!

"आमच्या त्या विरंगुळा अधिकारीला फोन लाव!" त्यांनी फर्मावलं. परिचारिकेने खरंच लावला. तिकडून टाळीताईचा प्रसन्न आवाज आला, "छे हो, आमचे सगळे बसमध्ये आहेत! मोजणी बरोबर आली!" पलीकडे टाळीसुद्धा ऐकू आली.

आता मात्र मेट्रनबाईंना रागाच्या तळाशी काहीतरी गार लागलं. इतकी वर्षं नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखली जाणारी बाई आपण. आणि आज बसभर माणसांतून गळून पडलो, तरी मोजणी बरोबर येते?

त्यांचा चेहरा पाहून परिचारिकेला दया आली. "थांबा, तुमच्या मुलाशीच बोला." तिने नव्या आजींच्या मुलाला फोन लावला आणि मेट्रनबाईंच्या कानाला टेकवला.

"आई," पलीकडून रडवेला आवाज आला, "अजून चिडली आहेस माझ्यावर? मला दारात थांबवेना गं. तुझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून खुर्चीवर बसवून तसाच निघालो..."

दारातली खुर्ची! मांडीवर पिशवी! आणि शेजारी पडलेली आपली शाल! मेट्रनबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण त्याच्या आधी रागाचा भडका उडाला!

"बघवत नव्हतं? लाज नाही वाटत? कुरिअरचं पार्सलसुद्धा सही घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही, आणि तू आईला दारात ठेवून गेलास? आत येऊन पलंग बघितलास? उशी दाबून बघितलीस? तिला आत नेऊन बसवायचं होतंस, एक कप चहा होईपर्यंत तरी थांबायचं होतंस!"

मग तो चाचरत म्हणाला, "तुम्ही... कोण? माझी आई मला असं कधीच बोलत नाही."

"तेच चुकलं तिचं! आता ये इकडे. तुझी आई माझ्या बसमधून पळालीय!"

अर्ध्या तासात तो घामाघूम होऊन पोचला. त्याच्या गाडीतून सगळे मेट्रनबाईंच्या आश्रमात आले. पुढे मेट्रनबाई, मागे परिचारिका आणि कोवळे डॉक्टर. वाटभर कुणाची खोकायची छाती झाली नाही.

हॉलमध्ये फुगा फुगाचा खेळ रंगात आला होता. मधोमध पोपटी शाल पांघरून त्या बाई फुगा टोलवत होत्या आणि टाळीताई आनंदाने ओरडत होती, "बघा, बघा, आज मेट्रनबाई किती छान खेळतायत!"

"मेट्रनबाई इथे आहेत!" दारातून अशी गर्जना झाली, की फुगा कुणाचाही हात न लागता फुटला, असं पोस्टमास्तर आजही शपथेवर सांगतात.

टाळीताईचा हात हवेतच राहिला.

"तू शाली मोजल्यास, मुली. एकदा तरी तोंडाकडे बघितलंस? आमच्या जागी शालीत फुलकोबी गुंडाळून बसवली असती, तरी तुझी मोजणी बरोबर आली असती!" मग त्या पोस्टमास्तरांकडे वळल्या. "आणि तुम्ही! ही बाई येताना माझ्या जागी तुमच्या शेजारी बसली होती ना? तुम्हालाही कळलं नाही?"

"कळलं की," पोस्टमास्तर भीतभीत म्हणाले. "पण म्हटलं, या भांडत नाहीत... तर राहू दे."

मुलगा आईसमोर गुडघ्यांवर बसला होता. "आई, चल ना."

"घरी?" तिने विचारलं.

तो नुसता तिची शाल सारखी करू लागला.

"मग मी इथेच राहते. तिथे दारात कितीतरी वेळ बसले होते रे, कुणी विचारलं नाही. इथल्या बसमध्ये चढले, तर सगळ्यांनी सरकून जागा दिली."

त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मेट्रनबाईंनी तोंड फिरवलं आणि उगाचच पडदा नीट केला.

त्या बाई मेट्रनबाईंच्या आश्रमातच राहिल्या. टाळीताई दोन दिवस रडली, मग मेट्रनबाईंसमोर येऊन उभी राहिली. टाळी न वाजवता म्हणाली, "पुढच्या सहलीला कुठे जायचं, ते तुम्ही सगळ्यांनी ठरवा."

विजय! मेट्रनबाईंनी त्याच संध्याकाळी हॉलमध्ये सभा भरवली. आत्मसन्मानावर असं भाषण ठोकलं, की दोघांना श्रवणयंत्र बारीक करावं लागलं. "आपण काय गुरंढोरं आहोत, कुणीही हाकावं नि आपण जावं? आजपासून आपलं आपण ठरवायचं! बोला, कुठे जायचं? बाजारपेठ?"

एकही हात वर झाला नाही.

"मग कुठे?"

जरा कुजबुज झाली. शेवटी पोस्टमास्तरांना पुढे ढकलण्यात आलं.

"त्या दुसऱ्या वृद्धाश्रमातच जाऊ म्हणतात सगळे."

"काय? तिथे? अहो, काय आहे तिथे बघण्यासारखं?"

पोस्टमास्तरांनी घसा खाकरला.

"तसं नव्हे... पण तिथले लोक आपल्यापेक्षा म्हातारे दिसतात हो. बघून बरं वाटतं!"