म्यानेजरला अजून वेळ द्यावा का

खरं काय ते जेवण झाल्यावर सांगू, असं पुंजारामनं ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

गोष्ट निजामी अमदानीतली. पुंजाराम परतूरच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कारकून होता. फॅक्टरीचे म्यानेजर कचरूलालजी यांच्यासमोर तो दिवसभर उभा असायचा. (बसायला मनाई नव्हती, पण खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कचरूलालजी असायचे.) घरी बसायला जागा होती, पण तिथं बोलायचं काम गोजरबाई करायची. अशा माणसाच्या आयुष्यात भव्य म्हणावं असं एकच होतं. फुटबॉल.

हैदराबादेहून बदलून आलेल्या एका टेशनमास्तरानं तो बॉल गावात आणला. पुढं मास्तर बदलून गेला, बॉल राहिला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, टेशनामागच्या माळावर खेळ व्हायचा. कोणी जोरात लाथ घातली की बॉल लिंबाच्या शेंड्यावरून वर जायचा आणि निळ्या आभाळात घटकाभर थांबल्यासारखा दिसायचा. त्या वेळेला हमाल, आडते, नमाज पढून आलेले बुजुर्ग, सगळ्यांच्या माना वर असायच्या. रवंथ थांबवून गाडीचे बैलही बघायचे. पुंजारामचं तोंड उघडं पडायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. देवळात जे व्हायला पाहिजे ते त्याला त्या माळावर व्हायचं.

आता खाली आलेला तो बॉल नेहमी दुसऱ्याच्याच पायाशी जायचा, हा भाग वेगळा. परतूरची टीम हरायची. सेलूशी हरली, जालन्याशी हरली. हरली त्याचं दुःख कोणाला नव्हतं, कारण जालनेवाल्यांच्या पायात बूट होते आणि बुटासमोर हरण्यात एक इज्जत असते. पण नंतर टीम वाटूरशी हरली. वाटूरवाल्यांनी बॉल हा प्रकार त्या दिवशी सकाळीच पहिल्यांदा पाहिला होता.

मग गाव खवळलं. तमाशाच्या कंपनीला म्यानेजर असतो तसा टीमलाही एक म्यानेजर होता, कडूबा. सायकली दुरुस्त करायचा. तरुणपणी हैदराबादेत राहून मोठमोठे सामने बघून आला होता, म्हणून कोण कुठं उभा राहील ते तो ठरवायचा. या कडूबाला काढायचं की अजून वेळ द्यायचा, यावरून बद्रीनाथच्या हाटेलात रोज चहा थंड होऊ लागला. बद्रीनाथ स्वतः काढायच्या बाजूचा. पुंजाराम मनातून वेळ द्यायच्या बाजूचा, पण तसं त्यानं अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं. बाकीचे ज्याचा चहा प्यायले त्याच्या बाजूचे.

एका संध्याकाळी बद्रीनाथ पुंजारामसोबत बोलत बोलत त्याच्या दारापर्यंत आला.

"पुंजारामभाऊ, लई दिवस झाले. म्यानेजरला ठिवायचं का काढायचं, हे एकदाचं सांगून टाका. दोन्हीकडं मानसं सारखी हायेत, तुमच्या शब्दावर अडलंय सगळं."

"घाई करू नका," पुंजाराम म्हणाला. "कोणाच्या इज्जतीचा सवाल हाय. मी इचार करून राह्यलोय."

चुलीपुढं बसलेल्या गोजरबाईनं हे ऐकलं. तिला अख्ख्या जगात एकच म्यानेजर माहीत होता.

पुंजाराम जेवायला बसला तेव्हा भाकरीवर तूप होतं. तूप सणाचं असायचं. सण तर कुठला नव्हता. त्यानं वर पाहिलं. गोजरबाई त्याच्याकडं पाहत होती. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तिनं असं पाहिलं नव्हतं.

"अवो," ती हळू आवाजात म्हणाली, "म्यानेजरला ठिवायचं का काढायचं, हे तुमाला इचारून ठरवतेत?"

"इचारतेत मंग," पुंजाराम म्हणाला. बाईला उशिरा का होईना, फुटबॉलचं मोठेपण कळलं, असं वाटून त्याला भरून आलं.

"मी तुमाला सादं समजत व्हते. पर एक सांगते, काढू नका. पानबाईचा इचार करा. कसं तोंड दाखवील बिचारी?"

पानबाई म्हणजे कचरूलालजींची बायको. पुंजारामचा घास हातात राहिला. काय घोटाळा झाला तो त्याच्या ध्यानात आला. बोलायला त्यानं तोंड उघडलंही. तेवढ्यात गोजरबाईनं दुसऱ्या भाकरीवर तुपाची धार धरली. तेव्हा त्यानं वर सांगितलेला तो निर्णय घेतला.

जेवण झालं तर तिनं पाठीशी लोड आणून ठेवला. लोडाला टेकून खरं बोलणं फार अवघड जातं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाला, तर ती शेजारणीला सांगत होती की मालक इचारात हायेत, पोरांना तिकडं खेळवा. आपल्यामुळं कोणाची पोरं गप्प बसलेली पुंजारामनं जन्मात पाहिली नव्हती. दिवस असे जात राहिले. रोज त्याला वाटायचं, आता सांगावं. आणि रोज ती तशी पाहायची.

मोठ्या मनाच्या बाईच्या पोटात चांगली बातमी राहत नाही. देवळात पानबाई भेटल्यावर गोजरबाई तिच्या कानाशी लागली. "फिकीर करू नका, पानबाई. तुमच्या मालकांना काढायचं चाललं व्हतं, पर आमच्या मालकांनी धरून ठिवलंय."

झालं असं होतं की त्या सालात कचरूलालजींचं काहीच धड नव्हतं. ऐन हंगामात इंजिन बंद पडलं होतं. वाटूरच्या बाजारात तर वाटूरवाल्यांनी त्यांच्या डोळ्यांदेखत ओल्या कापसाचे पाच गाडे कोरड्यात घुसवले होते. फॅक्टरीचे मालक जालन्याला राहायचे. ते नाराज आहेत अशी कचरूलालजींना धास्ती होती. त्यामुळं पानबाईनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्यांना ते खोटं वाटलंच नाही. मालकांचा खास माणूस आपल्याच खोलीत इतकी वर्षं उभा होता, आणि किती गरीब चेहऱ्यानं, या विचारानं ते थक्क झाले.

सकाळी पुंजाराम कामावर गेला तर खोलीत दुसरी खुर्ची.

"बैठा, पुंजारामजी," कचरूलालजी म्हणाले.

पुंजाराम खुर्चीच्या कडेवर टेकला.

"बराबर बैठा. आराम से. आमच्यावर ध्यान राहू द्या. जे काय करायचं ते जल्दी करू नका."

"न्हाई न्हाई, मी बिलकुल जल्दी करत न्हाई," पुंजाराम म्हणाला. (कामाबद्दल बोलतायत असं त्याला वाटलं. आणि उत्तर खरंच होतं.)

कचरूलालजींनी डोळे मिटून मान हलवली.

इकडं बद्रीनाथच्या हाटेलाचे पत्रे वाऱ्यानं उडाले, म्हणून शुक्रवारची निकालाची बैठक पुंजारामच्या ओसरीवर ठरली. म्यानेजरचा फैसला आपल्या घरात होणार हे कळल्यावर गोजरबाईला धन्य वाटलं. तिनं ओसरी सारवली आणि कोणाला न सांगता पानबाईकडं निरोप धाडला, की नवऱ्याला घेऊन मागच्या दारानं या, आमचे मालक कसे बोलतेत ते कानांनी ऐका. पुंजारामला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पुढच्या दारात लोकांना या-बसा करत होता, तेव्हा मागं सैपाकघरात परतूरच्या जिनिंगचे म्यानेजर पिठाच्या डब्याला टेकून, मांडी घालून बसले होते. मध्ये फक्त एक पडदा होता.

बद्रीनाथनं सुरुवात केली. "मानूस सज्जन हाय. पर सज्जन मानसाला मी घरी जेवायला बोलवीन, म्यानेजर कशाला करीन? आल्यापासून एक तरी बाजी मारली का?"

पडद्यामागं कचरूलालजींनी मान खाली घातली.

टपालकचेरीतले काकासाहेब कोणत्याही बाजूला नसायचे, म्हणून त्यांना मान होता. ते म्हणाले, "मानसं वाईट न्हाईत. कोणाला कुठं उभं करावं ते त्याला कळत न्हाई. लंगडणाऱ्याला पळायच्या कामाला लावतो, अन् ज्याला पळता येतं त्याला खांबापाशी उभा करतो."

आपण इंजिनावर कोणाला नेमलं होतं ते कचरूलालजींना आठवलं. तो लंगडत होता खरा.

"अन् वाटूरला काय झालं?" बद्रीनाथ म्हणाला. "वाटूरवाल्यांनी ह्याच्या डोळ्यांदेखत चार आत घातले. चार. अन् हा नुसता उभा."

"पाच थे," कचरूलालजी पडद्यामागं पुटपुटले. पानबाईनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

मग पुंजाराम उठला. चार माणसांत तो कधी बोललेला नव्हता. पण मागं गोजरबाई ऐकते आहे हे त्याला माहीत होतं आणि गेले कित्येक दिवस त्याला तूप मिळत होतं. दोन्हींचा परिणाम झाला.

"तुमी हार पाह्यली," तो म्हणाला, "मी हारल्यावरचा मानूस पाह्यला. वाटूरहून समदे तोंड लपवून निघून गेले. हा मागं राह्यला. कोणावर वरडला न्हाई. ज्याच्या हातून घोळ झाला त्याला जवळ बसवलं, मांडीवर त्याचा पाय घेतला, अन् पायातले काटे एक एक करून काढले. म्यानेजर असून. जिंकणाऱ्याच्या मागं तर गाव पळतंय. हारलेल्याचा पाय मांडीवर कोण घेतंय? असा मानूस काढला तर पुन्हा भेटायचा न्हाई. त्याला वेळ द्या."

बद्रीनाथ आपल्या पायाकडं पाहत होता. सैपाकघरात गोजरबाईचे डोळे भरून आले होते.

"काटे कब काढले तुम्ही?" पानबाईनं दबक्या आवाजात विचारलं.

कचरूलालजींनी काटे कधीच काढले नव्हते. हमालांना पाय असतात हेही त्यांच्या फारसं ध्यानात आलेलं नव्हतं. या कारकुनाला आपण वर्षानुवर्षं उभं ठेवलं, आणि आज आपली अब्रू राखायला तो भरल्या ओसरीत खोटं बोलतोय, आणि किती सुंदर. असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना राहवलं नाही. पडदा सारून ते बाहेर आले. पाठ पिठानं पांढरी झाली होती, गालांवर पाणी होतं. त्यांनी पुंजारामचे दोन्ही हात धरले.

"पुंजारामजी, मी लायक न्हाई. पण आजपासून काटे काढीन. खुद्द काढीन."

सगळे उठून उभे राहिले. कोणाला काही कळेना. सर्वांत जास्त पुंजारामला कळेना.

शेवटी बद्रीनाथ आदबीनं म्हणाला, "शेटजी, तुमाला बी फुटबॉलचा एवढा नाद असंल, असं वाटलं नव्हतं."

"फुटबॉल?" कचरूलालजी म्हणाले.

यानंतर कोणीच काही सांगितलं नाही, आणि तरी सगळ्यांना हळूहळू सगळं कळलं. पुंजारामनं दाराकडं पाहिलं. गोजरबाई पडदा धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं ते पाहणं निघून गेलं होतं. भरलेली घागर विहिरीत परत सुटावी, तसं गेलं होतं. कुठंतरी खोल आवाज झाल्यासारखं पुंजारामला वाटलं.

तेवढ्यात खुद्द कडूबाच दारात आला. तो बराच वेळ बाहेर ओट्यावर बसून ऐकत होता म्हणे.

"मला वेळ नगं," तो म्हणाला. "थकलो मी. हारल्यावर मानसाला असं समजून घेणारा पुंजारामच हाय. त्यालाच म्यानेजर करा."

"मंजूर," कचरूलालजी ताबडतोब म्हणाले. माणूस हुशार होता; त्या घरातून मान वर करून बाहेर पडायला त्यांना एक वाट पाहिजे होती. "पुंजारामजींना पण समजू द्या, म्यानेजर होणं काय असतं." आणि पाठ न झटकताच ते मागच्या दारानं निघून गेले.

त्यांना काही कोणी काढलं नाही. मालकांच्या मनात तसं कधी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी खोलीतली ती दुसरी खुर्ची नाहीशी झालेली होती. मात्र एक खरं, की त्या हंगामात कचरूलालजी कधीमधी कपाशीच्या ढिगापाशी थांबायचे आणि एखाद्या हमालाला विचारायचे, "पाय कसा आहे?" हमाल घाबरून पाय मागं घ्यायचे.

पुंजाराम म्यानेजर झाला. त्यानं रात्रंदिवस डोकं चालवून माणसं उभी केली आणि जालन्याच्या टीमला बोलावलं. गोजरबाई बोलत नव्हती, भाकरी कोरडी वाढत होती. पण त्या शुक्रवारी ती पानबाईला घेऊन माळावर आली आणि लांब बाभळीखाली उभी राहिली. पहिल्याच झटक्याला परतूरच्या पोरानं अशी लाथ घातली, की बॉल लिंबाच्या वर, घारीच्या वर गेला. माळ श्वास धरून उभा राहिला. पुंजारामनं वळून पाहिलं. गोजरबाईची मान वर होती, पदर खांद्यावर पडला होता, तोंड लहान पोरीसारखं उघडं होतं. तिच्याकडं बघता बघता पुंजारामला माळाचा विसर पडला. (म्यानेजरनं त्या वेळेला बॉलकडं बघायचं असतं.) तो वळला तोवर जालनेवाल्यांनी एक गोल केला होता. पुढं त्यांनी इतके केले, की त्यांनाच लाज वाटून ते हळू पळू लागले.

संध्याकाळी पुन्हा ओसरीवर बैठक बसली. बद्रीनाथ काढायच्या बाजूचा होता, काकासाहेब कोणत्याच नव्हते, आणि कडूबा म्हणत होता की बिचाऱ्याला अजून वेळ द्यावा. भांडण काही तुटेना. तेव्हा दारात जोंधळे निवडत बसलेल्या गोजरबाईकडं वळून बद्रीनाथ म्हणाला, "वैनी, आज तुमी बी खेळ पाह्यला. तुमीच सांगा. म्यानेजरला अजून वेळ द्यावा का?"

गोजरबाईनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

"द्या की," ती म्हणाली. "मी लगीन झाल्यापासून देऊन राह्यले. तुमाला काई फरक दिसला का?"

ओसरीवरच्या सगळ्यांनी पुंजारामकडं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बद्रीनाथनं काढायच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. एकूण एक हात वर झाला. त्यांत पुंजारामचाही होता.