चादरीची पाठ

मल्लय्याच्या हातात तुम्ही काहीही द्या, तो ते आधी उलटं करतो. पेढ्याचा पुडा दिला तर तळ बघणार, मग पेढा. खानावळीत कडक भाकरी ताटात पडली की पालथी घालणार आणि वाढप्याला सुनावणार, "ही बाजू घाईत भाजली की ओ." माझ्या थोरल्याच्या लग्नात आहेराचं लुगडं त्यानं भर मांडवात, व्याह्यांच्या देखत, उलटं पसरून बघितलं. व्याही मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तुमचे कोण?" मी म्हणालो, "शेजारी." नात्यातला असता तर दटावता तरी आलं असतं.

आम्ही दोघं सोलापुरात एकाच चादरीच्या कारखान्यात होतो. मल्लय्या मागावर विणायचा आणि मी जॉबर. माग बिघडला की नीट करून द्यायचा, ते जॉबरचं काम. शाळा माझी चौथीत सुटली, पण नुसत्या आवाजावरून मागाचा कुठला नट ढिला झालाय ते मी सांगायचो. बढाई मारत नाही, होतं ते लिहितो.

मल्लय्या डावखुरा. विणताना सुताची तार तुटली की ती जोडायला गाठ मारावी लागते. सगळे विणकर उजव्या हाताची मारायचे. हा डावी मारायचा, वर दोन वेढे द्यायचा, त्यामुळं गाठीची शेपटी भलत्याच अंगाला यायची. मी ओरडायचो, "मल्लू, चार लोकांसारखी मार की गाठ!" तो म्हणायचा, "जॉबर, तू तुजे नट आवळ."

कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले. चाळीस वर्षं विणणाऱ्या या माणसाकडं स्वतःच्या हातची एक चादर काय ती उरली होती. एका पाव्हण्याला आमच्याकडं मुक्कामात थंडी वाजली. मल्लय्याकडून मी ती मागून आणली. पाव्हणा सकाळी पांघरूनच गेला. पाव्हणा पुन्हा आला नाही आणि चादरही नाही. मल्लय्यानं मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर मी दोन ऐकवले असते आणि प्रकरण मिटलं असतं.

पुढं त्याच्या नातीनं एकदा विचारलं, "तात्या, तुम्ही विणलेलं दाखवा की." याच्यापाशी दाखवायला वीतभर कापड नव्हतं. त्या दिवसापासून त्यानं मनावर घेतलं. आपल्या हातची एक चादर तरी शोधून काढायची. त्याच्या सुनेनं त्याला फोनवर जुन्या कापडांचा एक चर्चामंच लावून दिला. तिथं गावोगावची माणसं घरातल्या जुन्या कापडाचे फोटो टाकतात आणि विचारतात, हे कुठलं, किती जुनं? जाणकार उत्तरं देतात, मग आपसात भांडतात. बायकांनी फुलं मांडून, समया लावून काढलेले काय एकेक फोटो असतात! मल्लय्याचं सगळ्यांना एकच उत्तर: "पाठ दाखवा."

मी म्हणालो, "अरे, लोक हौसेनं टाकतात, छान आहे म्हणावं."

"तोंड समदेच धुत्यात, जॉबर. पाठ कोण धुतंय? कापडाची खरी बाजू तिकडं असती, गाठी तिकडं दिसत्यात."

एकदा कुठल्याशा बाईंनी आजीचं इरकली लुगडं नेसून स्वतःचा फोटो टाकला. यानं खाली लिहिलं, "पाठ दाखवा." झालं! मंचावर हलकल्लोळ. कुणी म्हणे म्हातारा चळला, कुणी म्हणे हाकलून द्या. चालकानं आठ दिवस याचं तोंड बंद केलं. आपण काय गुन्हा केला ते याला शेवटपर्यंत कळेना. मलाच सुनेकडून खुलासा लिहून पाठवावा लागला की गृहस्थ विणकर आहेत, पदराबद्दल बोलत होते. बाई समंजस निघाल्या. त्यांनी पदराच्या उलट्या बाजूचा फोटो टाकला. आठ दिवसांनी तोंड उघडल्यावर मल्लय्यानं लिहिलं, "पदर हातानं जोडलेला हाय. जोडणारीला घाई नव्हती. जपा." त्यावर बाईंनी लिहिलं की आजी वारल्यापासून तिच्याबद्दल इतकं बरं कुणी बोललं नव्हतं. आता त्या याला काका म्हणतात.

लोकांनी फोटो कसे काढावेत हे दाखवायला तो स्वतःही काढून टाकतो. सकाळी अकराच्या उन्हात, आमच्या गच्चीवर. आळीतल्या कुणाकुणाच्या जुन्या चादरी मागून आणतो आणि मला दोन्ही हात वर करून धरून उभा करतो. माझ्या खांद्याचं दुखणं याच्या गावीही नसतं. "वर धर की, जॉबर. लई वाकलास तू." फोटोत वर चादर आणि खाली माझे पाय. नगरच्या एका गृहस्थानं विचारलं, "पाय कुणाचे?" यानं लिहिलं, "खांब हाय." दोन दिवस मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आपण होऊन गच्चीत गेलो, कारण दुसऱ्या कुणाला नीट ताणून धरता येत नाही.

त्याची बायको नरसव्वा वैनी खालून विड्या वळता वळता ओरडायची, "सापडली का ओ?"

"न्हाय."

"मग उतरा खाली, भात निवला."

वर्षभर हेच. काका आपल्या हातची चादर शोधतायत हे मंचावर सगळ्यांना ठाऊक झालं. शेकड्यानं चादरी बघितल्या असतील. तो फोटो मोठा करायचा, काचेला नाक लावायचा आणि म्हणायचा, "चांगली हाय. माजी न्हाय." एखादी चादर आपली म्हणून ठोकून दिली असती तर कोण विचारणार होतं? मी तसं सुचवलंही. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मी विषय सहसा सोडत नाही.

परवाच्या थंडीत नांदेडकडच्या एका सुनेनं फोटो टाकला. तांबडी चादर, मोराची. खाली लिहिलं होतं: सासूबाईंची आहे. सासरे गेल्यापासून त्यांना ही अंगावर असल्याशिवाय झोप येत नाही. सोलापूरची म्हणतात. कुणी विणली असेल?

"पाठ दाखवा," यानं लिहिलं.

उत्तर आलं, "सासूबाई अंघोळीला गेल्या की दाखवते. एरवी हातची सोडत नाहीत."

आम्ही गच्चीत बसून राहिलो. वैनींनी पाठवलेला चहा गार झाला. अर्धा तास गेला, तास गेला.

"म्हातारीनं पाणी तरी तापवलं का?" मी म्हणालो.

"गारठा हाय. आज पारोशीच ऱ्हाती का काय," मल्लय्या काळजीत.

अखेर फोटो आला. त्यानं तो मोठा केला. मोराच्या मानेपाशी एकाखाली एक तीन गाठी. दोन वेढे, शेपटी भलत्या अंगाला. ज्या गाठींवरून मी अर्धं आयुष्य घसा कोरडा केला, त्या मला ओळखू येणार नाहीत? मल्लय्या नुसता अंगठा काचेवरून फिरवत राहिला, जसा मागावर बसून तारांवरून फिरवायचा. चादरीची एक कड पार फाटली होती.

फोटोखाली चार ओळी होत्या. "काका, तुमचीच असली तर सांगा. सासूबाई म्हणतात, ज्याचे हात लागलेत त्याचा हक्क पहिला. पत्ता द्या, धुऊन पाठवते."

"दे की पत्ता!" मी म्हणालो. "बघतोस काय? लेकाच्या, वर्ष झालं मी हात वर करून उभा आहे!"

तो एका बोटानं लिहायला लागला. इतका वेळ लावला की मला वाटलं, घर नंबरापासून पिनकोडापर्यंत सगळं घालतोय. मग फोन माझ्याकडं केला.

"माजी न्हाय. कड फाटलीय तितं सुती दोरा दुहेरी घेऊन टाके घाला, अजून पंधरा वर्षं जाईल. आजी अंघोळ करून आल्या असतील, लवकर पांघरायला द्या. गारठा हाय."

मी फोन परत दिला. त्यानं तो बनियनच्या खिशात टाकला आणि गच्चीवरची मागून आणलेली चादर घडी करायला घेतली. दुसरी टोकं मी धरली.

"सापडली का ओ?" खालून वैनींचा आवाज आला.

"न्हाय," मल्लय्या म्हणाला.

"मग इतका वेळ कुणाची बघत होता?"

तो घडीचे कोपरे जुळवत राहिला.

"होती एका चांगल्या विणकराची," मी खाली ओरडून सांगितलं.