शेवटचा श्रोता उठेपर्यंत

पाचच्या कीर्तनाला वीस मिनिटं उरली, तरी शिशिरचा जुना प्रोग्राम बंद व्हायला तयार नव्हता. रायपूरच्या मंडळाचं कीर्तन घरोघरच्या मोबाइलवर पोचवायचं पुण्यकर्म त्याच्याकडे होतं. दुपारीच शिशिरने नवा प्रोग्राम चढवला होता. अध्यक्ष बाबारावांची अट एकच होती, "ऐकत बसलेल्या माणसाले मधातून उठवायचं नाही, पोट्ट्या. पाप लागते."

"नाही उठवणार, काका. नवीन येतील ते नव्यात बसतील, जुने आरामात जुन्यात ऐकतील. शेवटचा श्रोता उठला, की जुना आपोआप बंद. मगच कॅमेरा नव्याच्या ताब्यात."

बाबारावांना हे भलतंच सात्त्विक वाटलं होतं.

आता नव्यात दोनशे अकरा माणसं काळा पडदा बघत ताटकळली होती. त्यांत नागपूरला अंथरुणाला खिळलेल्या कौमुदीबाईही होत्या. त्यांचा मुलगा भास्करबुवा आज उभा राहणार होता, आणि लेकाचं कीर्तन कानी पडून त्यांना दोन वर्षं झाली होती. जुन्यात उरल्या होत्या एकट्या, रायपुरातल्याच पंडरी भागातल्या सुशीलाबाई.

शिशिरने फोन लावला. "काकू, सकाळचं कीर्तन संपलं ना कधीच! मोबाइल बंद करा, प्लीज."

"काहून बंद करू, बेटा? आरती कुठं झाली? मी तशीच बसून राहिली. जेवली बी नाही."

शिशिरने कपाळावर हात मारला. सकाळी दुसऱ्या बुवांचं आख्यान संपताच माइक बंद करून, कॅमेऱ्यावर टोपी चढवून तो पोहा-जिलेबीकडे धावला होता. आरती टोपीखाली गेली होती.

"काका, जबरदस्तीनं बंद करू का?"

"आरतीच्या आधी उठवतो सुशीलाबाईले?" बाबारावांनी कानांवर हात ठेवले. "आरती कर."

"मी?"

"मग काय तुझा प्रोग्राम करील?"

शिशिरने टोपी काढली, माइक सुरू केला, निरांजन लावलं, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून आरती म्हटली. पुढची कडवी येत नव्हती, म्हणून पहिलंच तीनदा म्हटलं. मागून, पाचच्या कीर्तनासाठी सभागृहात जमलेल्यांच्या टाळ्यांची साथ मिळत होती. फोनवर समाधानाचा सुस्कारा आला, "हव, आता जेवते."

जुना प्रोग्राम शांतपणे मिटला, नव्याने कॅमेरा घेतला, दोनशे अकरांतला एकही सुटला नाही. शिशिर छाती फुगवून मागे वळला.

सभागृहात सतरंजीशिवाय कोणी नव्हतं. आरती झाली म्हणजे कीर्तन झालं. आपल्यालाच यायला उशीर झाला, असं मनाशी म्हणत प्रत्येक जण प्रसाद घेऊन बाहेर पडला होता. रस्त्यावर स्कूटी सुरू होत होत्या.

तेवढ्यात भास्करबुवा आले आणि दारातच थबकले.

"श्रोते आहेत, बुवा," बाबाराव खालच्या आवाजात म्हणाले. "दिसून नाही राहिले, एवढंच. तुमची आई बी बसली आहे."

बुवांनी उपरणं सावरलं, कॅमेऱ्यालाच वाकून नमस्कार केला आणि अभंगाला असा सूर लावला, की रिकामी भिंतही डोलावी.

शिशिरला साडेपाचला क्रिकेट होतं. त्याने हळूच बॅग उचलली. बाबारावांनी ती काढून घेतली आणि त्याच्या हातात झांजा दिल्या.

"बस. शेवटचा श्रोता उठला, की बुवा आपोआप बंद होतील ना!"