गाण्यांची घडी घालणारे जिभाऊ

काहीच बदललं नाही, या आनंदात पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे बमरोलीचे शेजारी, जिभाऊ.

तिथल्याच लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, तीस वर्षं काढून निवृत्त झालेले हे धुळ्याकडचे गृहस्थ. नव्वदीच्या अखेरीला साडी-डिझाइनच्या एका ऑफिसातून त्यांनी जुना कॉम्प्युटर आणला आणि कानबाई देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी त्यात भरायला घेतल्या. गाणारी मुख्य त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. मागून गल्लीतल्या बायका. एक कॅसेट टेपने आधीच चघळली होती. बाकीच्या जाण्याआधी वाचवायच्या, तर चार कॅसेटींतच डिस्क भरली.

कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांनी एमपीथ्री सुचवलं. त्यात आवाजातलं थोडं गळतं, पण कानाला कळत नाही म्हणे.

"कोना कानले?" जिभाऊ उखडले. "साडीनी घडी करी म्हनीसन ती आखूड व्हस का?"

शेवटी नुसती घडी घालणारा एक प्रोग्राम मिळाला. फाईल निम्म्यावर यायची आणि उलगडली की मूळची तशीच्या तशी. दुसऱ्या कोणी यावर विश्वास ठेवला असता. जिभाऊ प्रत्येक गाणं दाबायचे, परत उलगडायचे आणि काळ्या पडद्यावर जुनी फाईल नव्या फाईलशी ताडून बघायचे. तासाभराने पडद्यावर 'फरक नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटली की आम्हाला पेढा. फाईलींचं वजन घटलं, माझं वाढलं. पण खरं सांगतो, आठवी नापास माणसाची ही चिकाटी बघून मला त्यांचा अभिमान वाटायचा.

शेवटची कॅसेट संपली त्या दुपारी त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला.

"ऐक. तिना आवाज येस का?"

"येतो की! तुम्हीच ऐका ना."

"माले नही येत रे," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "लूमना खडखडाटमा कान गयात. बाकीस्ना येस थोडा. तिना बारीक शे, तो नही येत."

इतके दिवस ते नुसत्या त्या 'फरक नाही'च्या ओळीच्या भरवशावर गाणी राखत होते.

"कशी गास ती?" त्यांनी विचारलं.

"गोड!" मी ओरडलो. "फार गोड!"

आत भाकरी थापणाऱ्या काकू खुदकन हसल्या. जिभाऊ माझ्याच तोंडाकडे बघत राहिले.

"काकू हसल्या," मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.