ब्याण्णवावा पत्रा

"मशीन मधोमध ठेवायचं, की झालं!" असं नामदेवराव ओव्हरसिअर म्हणाले, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. पण तो घोटाळा आहे हे कळायला तीन आठवडे गेले, आणि निस्तरायला तीन महिने.

सन छप्पन्नची गोष्ट. हैदराबाद राज्य मोडायला थोडेच दिवस उरले होते. मुशीच्या काठी पाण्याच्या पंपासाठी मोठी थोरली विहीर खणायची होती. काठची माती म्हणजे भिजलेला गूळ, हात लावला की ढासळायची. म्हणून आधी जमिनीत चहूकडून पोलादी पत्रे ठोकून रिंगण करायचं आणि मग आतली माती काढायची, असं ठरलं. ऑफिसात त्यांना शीटपाइल म्हणत, मजूर नुसते पत्रे म्हणत. पण ते काही न्हाणीवर घालायचे पत्रे नव्हेत! तीन पुरुष लांब, आणि दोन्ही कडांना वळवलेला आकडा. एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यात वरून सरकवायचा आणि घणानं खाली ठोकायचा. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे ते बसत, आणि बसले की सहजासहजी सुटत नसत.

ठोकायचं मशीन वाफेवरचं होतं. त्याला एक अजस्र बॉयलर, वर उंच मनोरा आणि त्याला लोंबणारा घण. दर चार पत्र्यांनी ते धूड पुढं सरकवायचं म्हणजे अर्धा दिवस मातीत जाई. नामदेवराव मूळचे शेतकऱ्याच्या घरातले. त्यांना एकदम खळं आठवलं. खळ्यात मेढ मधे असते आणि बैल भोवती फिरतात, मेढ कुणी हलवतं का? तसं मशीन एकदा मधोमध रोवायचं, मनोरा गर्रकन फिरवायचा आणि चारी बाजूंचे पत्रे एका जागेवरून ठोकायचे. सहा आठवड्यांचं काम तीनात!

वरचे साहेब खूश झाले. ते खूश झाले म्हणताना नामदेवरावांनी आणखी एक उद्योग केला. "मेढ-पद्धत" असं नाव देऊन सात पानांचं टिपण लिहिलं, स्वतःची सही झोकात ठोकली आणि राज्यातल्या झाडून सगळ्या विभागांना एकेक प्रत धाडली. औरंगाबादला, नांदेडला, गुलबर्ग्याला. कुणी मागितली नव्हती हो! पण राज्य मोडायच्या आत आपलं नाव चारी दिशांना पोचावं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मशीन चालवणारा चाँदसाहेब निजामाच्या काळापासूनचा माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी डोकं खाजवत विचारलं होतं, "साब, ये बाद में निकलेंगा कैसा?"

"पैले काम, फिर बातां," नामदेवराव म्हणाले, आणि चाँदसाहेबानं घण उचलला.

एकोणतीस ऑक्टोबरला ब्याण्णवावा पत्रा पहिल्या आणि एक्याण्णवाव्याच्या मधे सरकला. नारळ फुटला, पेढे वाटले, साहेबांनी पाठ थोपटली. पत्रे जमिनीवरही पुरुषभर उभे ठेवले होते, पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून. त्यामुळे सगळे शिडीनं एकेक करून बाहेर आले. चाँदसाहेब शेवटी आला. शिडीच्या वरच्या पायरीवर तो थांबला, आणि आत मशीनकडे बोट करून उभा राहिला.

नामदेवरावांनी पाहिलं. रिंगण पुरं झालं होतं, मुंगीला वाट नव्हती, आणि मधोमध ते सहा टनांचं धूड खळ्यातल्या मेढीसारखं ऐटीत उभं होतं. त्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

तरी ते डगमगले नाहीत. त्यात काय मोठंसं! त्याच मशीननं उद्या एक पत्रा उपसायचा, वाट करायची, मशीन बाहेर काढायचं आणि पत्रा पुन्हा ठोकायचा. कुणाला कळायचंही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मालमत्तेची वाटणी करणारी कमिटी येऊन ठेपली. ऑफिसात तिचा धुमाकूळ आठ दिवसांपासून चालूच होता. टाइपरायटर मुंबई राज्याला, तो ठेवायचं टेबल आंध्राला, घड्याळ म्हैसूरला आणि त्याची किल्ली कुठं गेली ते देवाला ठाऊक. कमिटीनं रिंगणाला एक फेरी मारली आणि लिहून टाकलं: यंत्र मुंबई राज्याकडे, जाणार नांदेडला; पत्रे ब्याण्णव, लावलेल्या स्थितीत, आंध्र प्रदेशाकडे. यादी झाल्यावर कशालाही हात लावायचा नाही, अशी वर ताकीद.

नांदेडचं आधीच ठरलं होतं, पण नामदेवरावांचा लेखी हुकूमही त्याच दिवशी हातात पडला. त्यांनी नांदेडला हजर व्हावं, "सदर यंत्रासह". या दोन शब्दांनी त्यांचा घात केला. यंत्र नाही तर मोकळीक नाही, आणि मोकळीक नाही तर नांदेड नाही.

इकडं सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत नामदेवरावांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, घराची बांधाबांध कधीच उरकली होती. त्यांना नांदेडची घाई लागली होती, आणि ती उगीच नव्हती. लेक गंगू बसमतला दिलेली, पहिलटकरीण, पौषात बाळंत व्हायची. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर आता नांदेडला. सुशीलाबाईंनी व्याह्यांना लिहूनही टाकलं होतं, की दिवाळीला आम्ही नांदेडात असू, सातव्यात गंगूला तिकडंच धाडा, दोन पावलांवर तर आहे. आपल्या लेकीला आपल्या घरात, दार लावून घेता येईल अशी एक खोली मिळावी, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

तर दिवाळी आली, आणि सोऱ्या तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी! ती ट्रंक उपसली, चकल्या केल्या, सोऱ्या पुन्हा तळाशी घातला. मग पोळपाट लागला, मग तांब्या लागला. रोज सकाळी घर सोडायचं आणि संध्याकाळी पुन्हा बांधायचं, असं सुरू झालं. नामदेवराव विचारायचे, अगं, थोडं सामान मोकळंच ठेवलं तर काय बिघडतं? त्यावर सुशीलाबाई त्यांच्याकडे अशा बघायच्या, की ते चप्पल घालून मुशीच्या काठी निघून जायचे.

तिथं तरी काय होतं? मशीन होतं आणि आजूबाजूला आंध्र प्रदेश! आता रिंगणाचे नवे मालक कर्नूलहून आले होते, वीरभद्रय्या नावाचे इंजिनिअर. भला माणूस, कपाळाला विभूती, बोलायला मऊ. पण नियम म्हणजे नियम! नामदेवरावांनी मोडक्या तेलुगूत सगळं समजावलं. मशीन खोलून काढता येत नाही, बॉयलर सगळा रिव्हेटनं जोडलेला आहे. क्रेन काठच्या चिखलात येत नाही. तेव्हा नदीकडचा नव्हे, अलीकडचा एक पत्रा फक्त दोन दिवस उपसू द्या. वीरभद्रय्यांनी परवानगीचा कागद टाइपही करून घेतला. सही तेवढी राहिली.

आणि ती का राहिली, ते ऐका. कर्नूलची राजधानी हैदराबादला आलेली, शहरात घर म्हणून मिळेना. वीरभद्रय्यांनी धावाधाव करून एक घर ठरवलं, आणि तारीख झाली म्हणून बायकोला नि बोजाबिस्तरा घेऊन थेट दारात येऊन उभे राहिले. ते घर नेमकं नामदेवरावांचं! घरमालकानं एक नोव्हेंबरपासून त्यांना दिलं होतं. आता उभ्या माणसाला घालवायचं कुठं? पुढची खोली त्यांना दिली, मागची दोन यांच्याकडे राहिली, आणि दोन्ही घरांच्या ट्रंका मधल्या बोळात एकमेकींवर चढल्या.

कुणीही म्हणेल, की मग तर सही चुटकीसरशी व्हायला हवी. नामदेवराव गेले तर घर मोकळं होणार कुणाला? वीरभद्रय्यांनाच ना! नेमकं तिथंच त्यांचं अडलं. ते हात जोडून म्हणाले, की यात माझा स्वतःचा फायदा आहे. उद्या लोक म्हणतील, स्वतःला घर मिळावं म्हणून या माणसानं सरकारी भिंत फोडली. माझ्यानं हे होणार नाही. असा सचोटीचा माणूस एरवी भेटला असता तर नामदेवराव त्याच्या पाया पडले असते. आता मात्र त्यांना त्याचं डोकं त्या घणाखाली धरावंसं वाटायचं.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरात गंगू आली. व्याही किती दिवस वाट बघणार? नांदेडचं माहेर काही उभं राहीना, तेव्हा त्यांनी तिला गाडीत बसवून हैदराबादलाच आणून सोडलं. ती येऊन ट्रंकेवर टेकली, चहूकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, आपण निघालोय का आत्ता आलोय?"

सुशीलाबाईंनी पदर खोचला. पोरीसाठी आतली खोली रिकामी केली आणि दाराच्या जागी लुगडं बांधलं. वीरभद्रय्यांची बायको अन्नपूर्णम्मा मोठ्या मनाची. तिनं आपली खाट देऊन टाकली आणि डिंकाचे लाडू वळायला मदतीला बसली. या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण नवऱ्यांविषयी बोलताना काही अडत नसे.

पौषात गंगूला मुलगा झाला. सगळं सुखरूप पार पडलं. नामदेवराव पेढे घेऊन घरात शिरले, तेव्हा सुशीलाबाई लुगड्याच्या पडद्यातून बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "नऊ महिन्यांचं पोर आपल्या वेळेला बाहेर आलं. तुमचं मशीन कधी यायचं?"

हे मात्र नामदेवरावांच्या जिव्हारी लागलं. नातू झाल्याच्या दिवशी त्यांना अन्न गोड लागलं नाही.

आता पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात, हे सांगायला नको. पाटावर हळदकुंकू, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, तिचं लिहिलेलं कुणाला दिसत नाही. सुशीलाबाईंनी पूजा मांडली, पण कागद? कागद कुठल्या ट्रंकेत होते कोण जाणे. मग त्या पुढच्या खोलीत गेल्या, वीरभद्रय्यांच्या टेबलावरून एक कागद आणि त्यांचं फाउंटनपेन उचललं, आणि पाटावर ठेवून नमस्कार केला.

सकाळी वीरभद्रय्या पेन शोधत मागच्या खोलीपर्यंत आले. पेन पाटावर होतं आणि त्याखाली कागद, हळदकुंकवानं माखलेला. अन्नपूर्णम्मानं तो उलटून पाहिला. वरची बाजू कोरी होती खरी, पण खालच्या बाजूला टाइप केलेला मजकूर होता. एक पत्रा दोन दिवस उपसायची परवानगी, आणि खाली सहीची रिकामी जागा!

वीरभद्रय्यांचा चेहरा पडला. नामदेवराव शरमेनं भिंतीला टेकले आणि माफी मागायला लागले. सुशीलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या नवऱ्याला म्हणाल्या, मी बोलते ते यांना तेलुगूत सांगा, नि शब्द बदलू नका.

"साहेब, माझ्या नातवाचं नशीब सटवाईनं या कागदावर लिहिलंय. मला तुमच्या ऑफिसातलं काही कळत नाही. पण एवढं ऐकून आहे, की खाली सही नसली तर लिहिलेलं लागू होत नाही. मग पोराचं काय व्हायचं?"

नामदेवरावांनी अडखळत सांगितलं. वीरभद्रय्यांची बावीस वर्षांची नोकरी झाली होती. सही नसलेला कागद लागू होत नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. पडद्याआडून पोर रडलं. मग ते पाटापुढं मांडी घालून बसले आणि म्हणाले, की यात आता माझा फायदा नाही, बाळाचा आहे. देवीला हात जोडले आणि सही केली, तारखेसकट.

त्याच दिवशी चाँदसाहेबानं बॉयलर पेटवला. ब्याण्णवाव्यानं हलायला दीड दिवस घेतला, आणि वर येताना शेजारच्या दोघांना बरोबर ओढायला बघत होता. शेवटी सुटला एकदाचा! मशीन ओंडक्यांवरून घरंगळत बाहेर आलं, त्याच मशीननं बाहेरून पत्रा जागच्या जागी ठोकला, आणि वीरभद्रय्यांनी स्वतः ब्याण्णव मोजून पाहिले. नामदेवरावांना मोकळीक मिळाली. बाळंतिणीला हलवायचं नव्हतं, म्हणून सुशीलाबाई सव्वा महिन्यानं येणार होत्या. त्यांनी डब्यात भाकरी बांधून दिली आणि बजावलं, की मी येईपर्यंत तिथं कुठल्याही गोष्टीला स्वतःचं नाव देऊ नका.

नांदेडला वॅगनमधून मशीन उतरलं, तर स्टेशनावर विभागाचे साहेब हिम्मतराव जातीनं हजर! त्यांनी नामदेवरावांच्या गळ्यात हार घातला आणि जीपमध्ये बसवून थेट गोदावरीच्या काठी नेलं. दोन महिने मशीनची वाट बघून ते कंटाळले होते, म्हणून त्यांनी कुठून तरी जुनं मशीन पैदा करून काम उरकून घेतलं होतं. अगदी टिपणात लिहिल्याबरहुकूम! समोर पत्र्यांचं गोल रिंगण उभं होतं. त्याच्यावरून मधोमध एक मनोरा डोकावत होता.

"कालच शेवटचा पत्रा ठोकला," हिम्मतराव म्हणाले. "पद्धत फार नामी आहे तुमची. फक्त आमच्या प्रतीत सातच पानं आहेत. मशीन बाहेर कसं काढायचं ते आठवं पान पोस्टात गहाळ झालं वाटतं."

नामदेवरावांनी गळ्यातला हार सारखा केला. हौ साहेब, झालं असेल गहाळ, म्हणाले, आत्ता लिहून देतो. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मुंबई राज्याच्या सेवेतली पहिली ओळ त्यांनी लिहिली: "यंत्र आधी बाहेर काढावे, मग शेवटचा पत्रा ठोकावा." खाली सही केली, या वेळी बारीक अक्षरात.

हिम्मतरावांनी ती ओळ वाचली, कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, "एवढंच? हे तर कुणालाही कळतं."